पुण्यातला फ्लॅट भाड्याने आणि आपण परदेशात: सांभाळायला कंपनी कशी निवडायची

वाकडला आमचा एक टू बीएचके आहे आणि मी राहते श्टुटगार्टला. पहिली पाच-सहा वर्षं सगळं काका बघायचे, म्हणजे भाडेकरू शोधणं, चावी देणं, गळका नळ, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बसणं, आणि तेही कोथरूडहून स्कूटरवर. मग त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि एक दिवस फोनवर म्हणाले, बाळ, आता कोणीतरी पगारी माणूस बघ. तिथून हा उद्योग सुरू झाला. आतापर्यंत दोन कंपन्या झाल्या, पहिलीने डोक्याला ताप दिला, दुसरी बरी चाललीये. ओळखीतल्या तीन-चार जणांनी तेच तेच विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. तुम्ही बंगलोर-हैदराबादला असाल तरी यातलं बहुतेक लागू आहे, फक्त टीडीएसचा, म्हणजे भाड्यातून आधीच कापल्या जाणाऱ्या आयकराचा भाग वेगळा.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. कंपनीला चावी द्या, पैसा आणि सही देऊ नका. भाडं थेट आपल्या खात्यात, डिपॉझिट थेट आपल्या खात्यात, अ‍ॅग्रीमेंटवर मालक म्हणून आपलंच नाव. कंपनीने पळापळ करायची आणि त्या पळापळीचे पैसे घ्यायचे, बस. मी पहिल्या वेळी याच्या बरोब्बर उलट केलं होतं.

पायरी १: काका काय काय करायचे ते लिहून काढा

तुमच्याकडे काका नसतील तर आई, मेहुणा, शेजारचे जोशी, जे कोणी फुकट करत होते ते. आपल्याला वाटतं काम म्हणजे भाडेकरू आणून बसवणं, पण ते वर्षातून एकदाच असतं. माझी यादी केली तेव्हा निघालं की काका महिन्याला एकदा सोसायटीच्या ऑफिसात डोकवायचे, पावसाळ्याआधी बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आलीये का ते बघायचे, भाडेकरू बदलला की दोन दिवस पेंटरच्या डोक्यावर बसायचे, आणि मुख्य म्हणजे भाडेकरूला माहीत असायचं की कोणीतरी येऊन बघतं. ही यादी घेऊन कंपनीशी बोला आणि एकेक विचारा, हे करणार का, याचे वेगळे पैसे का. माझ्या यादीतल्या अकरा गोष्टींपैकी पहिल्या कंपनीच्या पॅकेजात चारच होत्या हे मला नंतर कळलं.

पायरी २: समोर कोण आहे ते ओळखा

बोर्डवर सगळीकडे "प्रॉपर्टी मॅनेजमेंट" लिहिलेलं असतं पण आत तीन वेगवेगळे धंदे आहेत.

पहिला म्हणजे साधा ब्रोकर. त्याची कमाई भाडेकरू बसवण्यात, पुण्यात सर्रास एका महिन्याचं भाडं मालकाकडून आणि एक भाडेकरूकडून. तो "मॅडम, मॅनेजमेंट पण करून देतो" म्हणतो पण पैसे मिळाल्यावर फोन उचलायचं त्याला काही कारण उरत नाही. माणूस वाईट नसतो, धंदाच तसा आहे.

दुसरी म्हणजे खरी सांभाळणारी कंपनी, महिन्याला ठरावीक टक्के किंवा वर्षाला ठरावीक रक्कम घेणारी. आपल्याला ही हवी.

तिसरा प्रकार गॅरंटीड रेंट. कंपनी म्हणते आम्हीच तुमचा फ्लॅट घेतो, भाडेकरू असो नसो तुम्हाला दर महिन्याला इतके देऊ, आणि मग ती आत पोरं ठेवते, कधी खोली खोली करून. ऐकायला फार छान वाटतं. पण मग तुमच्या घरात राहणाऱ्या माणसाशी तुमचा कुठलाच करार नसतो, आणि कंपनीने पैसे थांबवले तर ती पोरं म्हणणार आम्ही तर भाडं भरलंय, आणि ते खरंही असतं, मधे अडकता तुम्ही. शिवाय या कंपन्या विकल्याही जातात, नेस्टअवेसारखी मोठी कंपनीसुद्धा २०२३ मध्ये ऑरम प्रॉपटेककडे गेली. कंपनी विकली गेली तर माझा करार कोणाकडे जाणार हा प्रश्न सही करायच्या आधी विचारायचा असतो. मी हा प्रकार घेतला नाही. ज्यांना महिन्याला ठरलेले पैसे हवेतच, ते घेतात.

एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो की "महारेरा रजिस्टर्ड एजंट" (महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) लिहिलंय म्हणजे निर्धास्त. रेरा कायद्यातला एजंट म्हणजे घर विक्रीच्या व्यवहारातला एजंट. भाड्याचं घर नीट सांभाळतो की नाही याच्याशी त्या नंबरचा संबंध नाही. असला तर चांगलंच, पण त्यावर भाळू नका.

पायरी ३: कागद तपासा, हे घरबसल्या होतं

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर नाव टाकून कधी स्थापन झाली, चालू आहे का, डायरेक्टर कोण, हे दिसतं. बिलावर जीएसटी नंबर असेल तर जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, नंबर चालू आहे का आणि कुणाच्या नावावर आहे. एका ठिकाणी मला "दहा वर्षांचा अनुभव" सांगितला आणि कंपनी निघाली दीड वर्षाची. विचारल्यावर म्हणाले अनुभव सरांचा आहे. असेल बुवा.

पायरी ४: भाडेकरू बनून फोन करा

सगळ्यात कामाची पायरी हीच. कंपनीने टाकलेली एखादी जाहिरात शोधा, तुमच्याच भागातली, आणि भावाला किंवा मैत्रिणीला भाडेकरू म्हणून फोन करायला सांगा. किती वेळाने उचलतात, फ्लॅटबद्दल काय माहितीये, उन्हाळ्यात पाण्याचं काय विचारल्यावर खरं सांगतात का (वाकड-हिंजवडीकडे बऱ्याच सोसायट्या टँकरवर असतात हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे "चोवीस तास पाणी आहे सर" म्हणणारा उद्या तुमच्याशीही तसाच बोलणार), फ्लॅट दाखवायला माणूस येतो की वॉचमनकडून चावी घ्या म्हणतात. माझ्या बहिणीने चार कंपन्यांना असा फोन केला. दोघांनी परत फोनच केला नाही, एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर भलत्याच फ्लॅटचे फोटो पाठवले. ज्यांनी नीट उत्तरं दिली त्यांच्याकडेच आज माझा फ्लॅट आहे.

मग ते ज्या सोसायटीत फ्लॅट सांभाळतात तिथल्या मॅनेजरला किंवा गेटवरच्या वॉचमनला विचारायला कोणालातरी पाठवा. कुठल्या कंपनीचे भाडेकरू रात्री दोनला स्पीकर लावतात आणि कुठल्या कंपनीचा माणूस तक्रार केली की येतो, हे गेटवर पाठ असतं. कंपनीकडून रेफरन्स घ्याल तर चालू गिऱ्हाइकाचा नका घेऊ, सोडून गेलेल्या एखाद्याचा मागा. तोंडं बघण्यासारखी होतात.

पायरी ५: फीचा हिशोब स्वतः करा

समजा भाडं २८,०००. कंपनी म्हणते फक्त ८ टक्के. म्हणजे २,२४०, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले साधारण २,६४३, वर्षाचे जवळजवळ ३१,७००. म्हणजे एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त. वर नवीन भाडेकरू आणला की एका महिन्याचं ब्रोकरेज वेगळं, जुन्याच भाडेकरूचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू केलं तरी अर्धा महिना, असं करत करत बारातले अडीच महिने त्यांचे. वाईट आहे असं नाही म्हणत, पण आकडा माहीत असावा.

आणि इथे टॅक्सचा एक फटका कोणी सांगत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून आपल्याला भरलेला मालमत्ता कर वजा करता येतो आणि मग ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्च कमी झाला असो की जास्त. कंपनीची फी त्या ३० टक्क्यातच धरलेली समजायची, ती वेगळी दाखवून आणखी वजा होईल अशा आशेवर राहू नका.

फी ठरवताना मी हे प्रश्न विचारते: घर रिकामं असेल त्या महिन्यात फी घेणार का (घेता कामा नये). भाडेकरू आठ महिन्यात सोडून गेला तर नवीन आणायचं पूर्ण ब्रोकरेज परत लागणार का. रिन्यूअलला किती. नीट विचार केला तर ज्या कंपनीला भाडेकरू बदलला की जास्त पैसे मिळतात तिला तुमचा चांगला भाडेकरू टिकावा असं कशाला वाटेल? त्यामुळे महिन्याची फी थोडी जास्त आणि ब्रोकरेज कमी असा सौदा मला परवडतो, मी तसंच घासाघीस करून घेतलंय.

"अ‍ॅग्रीमेंट खर्च ६,०००" असं एकगठ्ठा लिहिलेलं दिसलं तर फोड मागा. लीव्ह अँड लायसन्सला, म्हणजे आपल्याकडे घर भाड्याने देताना जो करार करतात त्याला, स्टॅम्प ड्युटी पाव टक्का लागते, पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि डिपॉझिटवरच्या वर्षाला १० टक्के मानलेल्या व्याजावर. २८,००० भाडं, ८०,००० डिपॉझिट, ११ महिने, तर ती ८०० च्या आतबाहेर येते. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. बाकी जे काही आहे ते त्यांच्या माणसाच्या फेरीचे पैसे. फेरीचे द्यावेत, पण सरकारच्या नावावर नको.

पायरी ६: अ‍ॅग्रीमेंट आणि सही

"अकरा महिन्यांचं आहे ना, मग नोटरी चालतं" असं जी कंपनी म्हणेल तिला तिथेच नमस्कार करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, कितीही महिन्यांचा असो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर वाद झाला की अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, खोटं आहे हे आपण सिद्ध करायचं. उलट नोंदवलेला लीव्ह अँड लायसन्स हातात असेल आणि मुदत संपून माणूस जात नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. या एका कागदाने झोप लागते.

नोंदणी हल्ली ऑनलाइन होते, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो आणि आधारवरून पडताळणी होते. अडचण ही की आपला अंगठा असतो परदेशात. इथेच कंपनी म्हणते, आमच्या अमुक एक्झिक्युटिव्हच्या नावाने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी द्या, सोपं पडेल. सोपं पडतंच, त्यांना. तो एक्झिक्युटिव्ह सहा महिन्यांनी दुसरीकडे नोकरीला लागतो आणि तुमचं मुखत्यारपत्र त्याच्या नावावर तसंच. मी म्युनिकच्या वकिलातीत जाऊन काकांच्या नावाने मर्यादित मुखत्यारपत्र केलं: फक्त या एका फ्लॅटचा भाडेकरार करायचा आणि नोंदवायचा अधिकार, विकायचा नाही, गहाण ठेवायचा नाही, पैसे घ्यायचा नाही. बाहेरून आलेला कागद भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची असते, ते विसरू नका, मी विसरता विसरता राहिले. काकांचे गुडघे अंगठा लावण्यापुरते चालतात, आणि मशीनवाला घरीच येतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे पण आपल्याच नावावर असतं, ऑनलाइन होतं, कंपनीने भरून पोचपावती पाठवायची. सोसायटीला पण आधी कळवायचं असतं. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेला) घेते तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आमच्याकडे पहिल्यांदा भलताच आकडा लावला होता, काकांनी सरकारी परिपत्रकाची झेरॉक्स नेऊन दिली तेव्हा गप्प बसले. सेक्रेटरीशी असं भांडायची तयारी कंपनीत कुणाचीच नसते, ही काकांची कमतरता कायमची.

पायरी ७: एनआरआय असाल तर टीडीएस, इथे नव्वद टक्के कंपन्या हात वर करतात

मालक अनिवासी असला की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो, ३० टक्के आणि त्यावर सेस. पन्नास हजारांच्या वरचं भाडं वगैरे ती मर्यादा निवासी मालकासाठी, आपल्याला पहिल्या रुपयापासून. २८,००० वर ८,७३६ कापले जातात आणि खात्यात येतात १९,२६४. भाडेकरूला त्यासाठी टॅन नंबर (टीडीएस कापणाऱ्याला लागतो तो) काढावा लागतो, पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत पैसे भरावे लागतात, तिमाही रिटर्न भरावं लागतं. हिंजवडीला नोकरी करणारा पंचविशीतला मुलगा हे ऐकून पुढचा फ्लॅट बघायला जातो. आणि नाही कापला तर जबाबदारी त्याच्यावर येते, म्हणून त्याला आधीच सांगणं हा साधा प्रामाणिकपणा आहे, करार झाल्यावर सांगितलं तर तो चिडणारच.

त्यामुळे कंपनीला स्पष्ट विचारा: भाडेकरूचा टॅन काढून देणार का, दर महिन्याचं चलन आणि रिटर्न तुमचा सीए करणार का, याचे किती. "ते भाडेकरू बघून घेईल" हे उत्तर आलं तर ती कंपनी एनआरआय लोकांसाठी नाही. कापलेला पैसा आपलं रिटर्न भरून परत मिळतो, जेवढा टॅक्स लागतो त्याच्या वरचा, पण वाट बघावी लागते. कमी दराने कापायचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून काढता येतं, आर्थिक वर्षापुरतं असतं. माझा सीए दर वर्षी काढतो आणि दर वर्षी उशीर करतो. भाडं एनआरओ खात्यातच (एनआरआय लोकांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घ्या, जुनं साधं सेव्हिंग खातं देऊ नका.

पायरी ८: डिपॉझिट आणि दुरुस्ती, भांडणं इथेच होतात

पहिल्या कंपनीने डिपॉझिट "सोयीसाठी" स्वतःकडे ठेवलं होतं. भाडेकरू गेला आणि दोन महिने त्याला पैसे मिळाले नाहीत. मला याचा पत्ताच नाही, शेवटी त्या मुलाने मला लिंक्डइनवर शोधून काढलं आणि मेसेज केला, मॅडम मी घर चकाचक करून दिलं होतं. लाज वाटली. पैसे मी माझ्या खिशातून दिले आणि कंपनीकडून वसूल करायला आणखी चार महिने गेले.

दुरुस्तीचं असं ठेवा की २,००० पर्यंत न विचारता करा, पण फोटो आणि प्लंबरचं मूळ बिल पाठवा, कंपनीच्या लेटरहेडवरचं नाही. त्याच्या वर दोन कोटेशन आणि माझा होकार. आमच्याकडे गिझरचा एलिमेंट बदलला त्याचे ३,५०० लावले होते, काकांनी शेजारच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं तर तो हसला. पावसाळ्याच्या तोंडावर एक फेरी, पावसाळ्यात एक, दोन्हीचे फोटो, हे करारात लिहून घ्या. बाथरूमची ओल खालच्या फ्लॅटच्या छतावर दिसेपर्यंत कोणी सांगत नाही आणि मग वॉटरप्रूफिंगचा खर्च वर्षाच्या फीच्या वर जातो.

भाडेकरू आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा एकाच क्रमाने काढलेला व्हिडिओ मागा: आधी दार, मग हॉल, किचनची चिमणी चालू करून, प्रत्येक नळ उघडून, शेवटी विजेच्या मीटरचं रीडिंग. एकाच क्रमाने, म्हणजे दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघता येतात.

मीटरवरून आठवलं. महावितरणच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या ग्राहक क्रमांकाला स्वतःचा मोबाइल जोडून ठेवा, कंपनीचा नाही. पहिल्या कंपनीने दोन महिने सांगितलं फ्लॅट रिकामा आहे, मार्केट डाऊन आहे, आणि बिलात दिसतायत १४० युनिट. रिकाम्या घरात १४० युनिट कोण जाळतं? काकांना पाठवलं तर आत गाद्या आणि कोणाचीतरी इस्त्री. त्या दिवशी करार संपवला.

पायरी ९: बाहेर पडायचं दार आधी बघा

कंपनीबरोबरच्या करारात शेवटची दोन पानं कोणी वाचत नाही, मी आता तिथूनच सुरू करते. नोटीस किती दिवसांची, ३० च्या वर मान्य करू नका. कंपनी सोडली आणि तोच भाडेकरू राहिला तर फी चालूच राहील असं कलम असतं कधी कधी, ते खोडून घ्या, निदान चालू अ‍ॅग्रीमेंटपुरतं मर्यादित करा. वाद झाला तर न्यायालय कुठलं ते बघा. फ्लॅट वाकडला, मी जर्मनीत आणि भांडण गुरगावला असं माझ्या पहिल्या करारात होतं, सही करताना लक्षच गेलं नाही. सोडताना चाव्या, मूळ अ‍ॅग्रीमेंट, पोलिसांची पोचपावती, गॅसचं कार्ड हे किती दिवसात परत देणार ते पण लिहून घ्या.

पहिला करार वर्षाचाच करा. तीन वर्षांचा केला तर ५ टक्के सूट वगैरे देतात, नको.

चाव्यांचे तीन सेट ठेवा, एक भाडेकरूला, एक कंपनीला, तिसरा आपल्या माणसाकडे. आमचा तिसरा अजून काकांकडेच आहे, मी शेजारच्यांकडे ठेवूया म्हटलं होतं तर त्यांना राग आला.